उजवीकडे वळायचं, हलिना

युद्ध संपलं त्या वर्षी हलिना सहा वर्षांची होती. पोलंडमधल्या तोरुन गावी तिला आणि तिच्या आईला दोन खोल्यांची जागा मिळाली. तिथली आधीची माणसं घाईघाईत निघून जाताना तीन वस्तू मागे ठेवून गेली होती: एक गळकी बादली, भिंतीवरचं हरणाचं शिंग आणि एक पियानो. बादलीला डाग देऊन ती वापरात आली, शिंगावर टोप्या लटकू लागल्या. पियानोचं काय करायचं ते मात्र कळेना. तो दारातून बाहेर निघत नव्हता. आत कसा आला असेल, यावर शेजाऱ्यांमध्ये महिनाभर चर्चा झाली. शेवटी हलिनाची आई लेओकादियाबाई म्हणाल्या, "जाऊ दे. नाहीतरी जागा अडलीच आहे, तर पोरगी वाजवायला तरी शिकेल."

एका पियानोवादक बाईच्या कारकिर्दीची सुरुवात अशी, सामान हलेना म्हणून झाली.

लेओकादियाबाई टपाल कचेरीत शिक्के मारायच्या. दिवसभर शिक्के मारून घरी आल्या की स्टूल ओढून पियानोशेजारी बसायच्या आणि बटाटे सोलायच्या. त्यांना सुरांतलं काही कळत नव्हतं, पण काळजी करण्यात त्या तरबेज होत्या. बोट अडखळलं की त्यांची सुरी थांबायची. पान संपत आलं की ओला हात एप्रनला पुसून त्याच ते उलटायच्या. कुठे उलटायचं हे त्यांना वाचून नव्हे, कानांनी कळायचं.

खालच्या मजल्यावर तेओफिल नावाचे गृहस्थ राहत. त्यांना दुपारी झोपायची सवय होती. हलिना सराव करू लागली की ते सुरुवातीला सहन करत आणि मग एका ठरावीक जागी, जिथे डावा हात जोरात खाली यायचा, तिथे झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोके देत. रोज तीच जागा, रोज दोन ठोके. संगीतशाळेच्या प्रवेश परीक्षेला हलिना छान वाजवत त्या जागेपर्यंत आली आणि थांबली. परीक्षक वाट बघत राहिले. हलिनाही वाट बघत राहिली.

"काय झालं बाळ, विसरलीस का?"

"नाही," हलिना म्हणाली. "ठोके झाले की पुढे जाते."

तिला प्रवेश मिळाला. ती बातमी तेओफिलना सांगायला लेओकादियाबाई खाली गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता रोज?" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढे वॉर्सात हलिनाला प्रोफेसर लुडविका भेटल्या. बाई उंचीने एवढ्याशा होत्या, पण त्या वर्गात आल्या की खिडक्यासुद्धा ताठ उभ्या राहत. त्यांच्याकडे शिकायचं म्हणजे सगळं पाठ हवं. स्टेजवर समोर स्वरलिपीची वही ठेवून वाजवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "वही घेऊन स्टेजवर जाणं म्हणजे लग्नाच्या पहिल्या रात्री आईला बरोबर नेणं. तिचा हेतू चांगलाच असतो. पण कशाला?"

हलिनाने सगळं पाठ केलं. मोठ्या स्पर्धेत भाग घेतला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. परीक्षकांपैकी एकाने तिला जिन्यात गाठून सांगितलं, "तुमचा ड्रेस फार छान होता हं." तो पडद्याच्या कापडाचा होता. कापड आईने जमवलं होतं, शिवला मावशीने. त्यानंतर तिने त्याच जिन्यात बसून उकडलेलं अंडं खाल्लं आणि तोरुनची गाडी पकडली.

नाव न झालेल्या वादकाला काय काम मिळतं? नाव झालेल्या वादकाच्या आजारपणाचं. हलिना इतकी भरवशाची होती आणि तिच्या हातात इतकं काही तयार असायचं, की गावोगावच्या संगीतसभांचे लोक संकटात पहिला फोन तिलाच लावत. फोन वाजला की ती आधी विचारायची, "कोणाला काय झालं?" कोणाचं अपेंडिक्स, कोणाच्या मूत्रपिंडात खडा, एकाला तर चाळिसाव्या वर्षी गोवर. तिची बॅग पलंगाखाली कायम भरलेली: काळा ड्रेस, मोज्यांची एक जोडी (तीसुद्धा रांगेत उभं राहून मिळवलेली) आणि फडक्यात बांधलेला खसखशीच्या केकचा तुकडा. ओपोलेला मूत्रखड्यावर शोपँ वाजवला, गोवरावर बेथोवन. छापील पोस्टरवर दुसऱ्याचं नाव असायचं आणि त्यावर तिच्या नावाची पट्टी चिकटवलेली. पट्टी वाचून लोकांचे पडलेले चेहरे ती स्टेजवरून बघायची. पहिली पाच मिनिटं तिला ते चेहरे उचलण्यात घालवावी लागत.

शिवाय सरकारी कार्यक्रम होतेच. कारखान्यांत, शाळांत, एकदा मधमसाल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात. तिथल्या पियानोचा एक सूर बंदच होता. केसांना जाळ्या लावलेल्या बायका मधल्या सुट्टीत ऐकायला बसल्या. संपल्यावर एकीने विचारलं, "ताई, हे शिकावं लागतं, का रक्तातच असतं?"

"शिकावं लागतं."

"किती दिवस?"

"बत्तीस वर्षं झाली."

"अगं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "आणि आपण पॅकिंग तीन दिवसांत शिकलो."

मधल्या काळात तिने झेनॉनशी लग्न केलं होतं. झेनॉन ट्राम चालवायचा. त्याला संगीतातलं दोनच गोष्टींवरून कळायचं: बायको कार्यक्रमाहून आली आणि जेवली, तर चांगला झाला. आली आणि झोपली, तर वाईट. लेओकादियाबाई त्यांच्यातच राहायच्या आणि दर कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसून ओठ हलवत पर्सवर बोटं आपटायच्या.

झेशुफच्या कार्यक्रमाहून आली त्या दिवशी हलिना जेवलीही नाही, झोपलीही नाही. ओव्हरकोट घालूनच स्वयंपाकघरात बसून राहिली.

झालं होतं असं. मोझार्टचा एक सोनाटा होता, म्हणजे तीन भागांची रचना, हजारदा वाजवलेली. अशा सोनाट्याच्या पहिल्या भागात एक वाट दोनदा येते. दोन्ही वेळा ती अगदी सारखी चालते आणि मग एका जागी फुटते. पहिल्या वेळी डावीकडे वळायचं, परमुलखात. दुसऱ्या वेळी उजवीकडे, घरी. दुसऱ्या वेळी चुकून डावीकडे वळलं की परत सगळं फिरून यावं लागतं. पाठ वाजवणाऱ्या माणसाची ही खास चूक. हलिना डावीकडे वळली. फिरून आली. या वेळी उजवीकडे, असं स्वतःला बजावलं आणि पुन्हा डावीकडे वळली. तिसऱ्यांदा त्या जागी येताना तिला डावं कोणतं, उजवं कोणतं, तेच कळेना.

"मग बाहेर कशी पडलीस?" झेनॉनने विचारलं.

"मध्येच सोडलं आणि शेवटचे सूर वाजवून उठले."

"लोक काय म्हणाले?"

"काही नाही. तिथल्या पेपरात आलंय, बाईंनी कुठलीही पुनरावृत्ती न गाळता अत्यंत श्रद्धेने वाजवलं."

झेनॉन हसला. बायको हसत नाही हे बघून त्याने हसणं गिळलं आणि सूप गरम करायला ठेवलं.

"हसायला काय झालं जावईबापूंना," खोलीतून लेओकादियाबाई ओरडल्या. "तिचा जीव गेला असता!"

"आई, सोनाट्यात कोणी मरत नाही," झेनॉन म्हणाला.

"मी मेले असते. मी तिसऱ्या रांगेत होते!"

हे सांगायचं कारण असं, की त्याच वसंतात, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, हलिनाला तोरुनच्या संगीतसभेकडून बोलावणं आलं होतं. कोणी आजारी नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वतःच्या गावात, अख्खी संध्याकाळ तिची एकटीची. पोस्टरवर पहिल्यांदाच तिचं नाव छापलेलं, पट्टी नव्हे. डायरेक्टर सेवेरिन आधी मत्स्यखात्यात होते आणि कम्युनिस्ट पक्षाने त्यांना तिथून संगीताकडे हलवलं होतं. त्यांना सोनाटा आणि सार्डिन यांतला फरक माहीत होता, इतपत त्यांची तयारी. पण एक गोष्ट त्यांनी मोकळेपणाने सांगितली होती. "बाई, कमिटीत दोन मतं होती. छान झालं तर पुढच्या हंगामापासून दरवर्षी तुमची एक संध्याकाळ. नाही झालं, तर मला परत कोणी तुमचं नाव काढू देणार नाही."

कमिटीने कार्यक्रमाच्या शेवटी तोच सोनाटा ठेवला होता. तो छापूनही झाला होता.

हलिना तीन आठवडे सराव करत राहिली. त्या जागेपर्यंत यायची आणि थबकायची. घरी दहापैकी नऊदा उजवीकडे वळायची. पण दहावी खेप कुठल्या दिवशी येईल, हे कोण सांगणार? ती भांडी घासताना पुटपुटायची, उजवीकडे, उजवीकडे. एकदा बाजारात रांगेत उभी असताना मोठ्याने "उजवीकडे!" म्हणाली आणि सगळी रांग सरकली.

शेवटी झेनॉनने विषय काढला. "ऐक. तुझा हा सोनाटा म्हणजे आमचा सांधा आहे. दोन रूळ फुटतात तिथला. पूर्वी मी सळई घेऊन खाली उतरायचो आणि स्वतः सांधा बदलायचो. बावीस वर्षं मी एकच लाइन चालवतोय, झोपेतही चालवीन. तरी सांध्यापाशी पाटी असते आणि मी ती बघतो. कोणी म्हणतं का, झेनॉनला रस्ता पाठ नाही?"

"माझ्यात पाटी नसते."

"वही असते की."

"वही ठेवून वाजवायचं? स्टेजवर? प्रोफेसरबाईंना कळलं तर..."

"त्या वारल्या ना?"

"म्हणून काय झालं? त्यांना कळेल."

दोन दिवस ती रुसल्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी कपाटातून जुनी वही काढली. पानांवर जाम आणि बटाट्याचे डाग होते, कोपरे दुमडलेले. झेनॉनने डेपोतून आणलेल्या लाल रंगाने वहीत, बरोबर त्या जागी, उजवीकडे वळणारा एवढा मोठा बाण काढला की त्याखाली दोन ओळी झाकल्या गेल्या.

"दिसेल ना?" त्याने विचारलं.

"विस्तुला नदीच्या पलीकडून दिसेल."

डायरेक्टरांनी वहीचं ऐकून भुवया चढवल्या आणि मान डोलावली. पानं उलटायला चर्चमधले ऑर्गनवादक हिएरोनिम यायचे होते. सोनाट्याच्या त्या भागात दोन्ही हात इतके गुंतलेले असतात की वादकाला स्वतः पान उलटता येत नाही. हिएरोनिम सभ्य माणूस. काळा कोट, निर्विकार चेहरा, हालचाल कमी. पानं उलटणाऱ्याचं काम असंच असतं: तो आहे हे कोणाला दिसता कामा नये. मात्र शनिवार असल्यामुळे त्यांना पाच वाजता एक लग्न वाजवायचं होतं. "सहाला मोकळा," त्यांनी सांगितलं होतं. "सोनाटा मध्यंतरानंतर आहे, निवांत पोचतो."

कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग छान झाला. सगळ्या छोट्या रचना, पाठ, कुठे फाटे नाहीत. सभागृह भरलं होतं. झेनॉनच्या डेपोतले अकरा ड्रायव्हर एका रांगेत बसले होते आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे ठरवायला त्यांनी झेनॉनकडे बघायचं, झेनॉनने पुढच्या म्हाताऱ्यांकडे, अशी व्यवस्था होती.

मध्यंतरात फोन आला.

"हलिनाबाई, मी हिएरोनिम. चर्चच्या कचेरीतून बोलतोय. नवरी आत्ता आली."

"आत्ता? सात वाजलेत!"

"हो, पण आता नवरा अंगठ्या आणायला गेलाय. मला इथून हलता येत नाही. आल्या आल्या मिरवणुकीचं वाजवावं लागेल."

हलिनाने फोन ठेवला. डायरेक्टर म्हणाले, "मी उलटतो की!"

"तुम्हाला वाचता येतं का, डायरेक्टरसाहेब?"

"अक्षरं येतात."

झेनॉनचा विचार झाला, पण तो अंगाने एवढा रुंद, की शेजारी बसला तर हलिनाचा डावा हात कुठे जाणार, हा प्रश्न होता. तोवर कोट सांभाळायच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या लेओकादियाबाई आत घुसल्या होत्या. सत्तरीच्या. अंगात मोठ्या फुलांचा पिवळा झगा.

"मी उलटीन," त्या म्हणाल्या.

"आई, नको."

"का? तेरा वर्षं कोण उलटत होतं? बटाटे सोलून उलटत होते, आता नुसती उलटायची आहेत."

"तेव्हा कोणी बघत नव्हतं."

"मला कोण बघतंय? लोक तुला बघायला आलेत." मग आवाज खाली आणून, लाडाचं नाव घेत त्या म्हणाल्या, "हलिंका, तिसऱ्या रांगेत बसले तर मी मरेन. इथे निदान हाताला काम असेल."

घंटा वाजली. दुसरा इलाज नव्हता. "मी मान हलवली की उलटायचं," हलिनाने दारात बजावलं. "आधी नाही, नंतर नाही. बोलायचं नाही. ओठ हलवायचे नाहीत."

"बाई, मी टपाल खात्यात होते. मला नियम शिकवू नकोस."

दोघी स्टेजवर आल्या. सभागृहात कुजबुज झाली. वही बघून झाली का झगा बघून, ते सांगता येणार नाही. हलिना बसली. आईने खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे, मग मुलीच्या कॉलरवरचा एक केस काढून टाकला. दुसऱ्या रांगेतलं कोणीतरी हसलं. हलिनाने सुरुवात केली.

पहिल्या दोन पानांना मान हलायच्या आधीच पान उलटलं. लेओकादियाबाईंना उशीर होण्याची धास्ती होती, त्यामुळे त्या ओळ-दीड ओळ आधीच हात घालत. हलिना ती ओळ आठवणीने वाजवून पुढच्या पानावर उतरायची. पहिला फाटा आला, डावीकडे, ठीक. मधला भाग गेला. मग ती वाट दुसऱ्यांदा सुरू झाली. आता पुढचं पान, आणि त्यावर बाण.

लेओकादियाबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी उठून बोट जिभेला लावलं, कोपरा धरला आणि जोर करून पान उलटलं. पान एक नव्हतं. जामाने चिकटलेली दोन पानं एकदम गेली.

हलिनाच्या समोर सोनाट्याचा संथ भाग उघडला. बाण नाही, फाटा नाही, पाटी नाही.

"अगं बाई," लेओकादियाबाई म्हणाल्या. पाच रांगांना ऐकू गेलं. "थांब हं, सापडतंय!"

थांबता येत नव्हतं. हलिना वाजवत होती आणि आई एका हाताने वही धरून दुसऱ्या हाताने नखाने पानं सोडवत होती. वही पियानोवरच्या वही टेकवायच्या फळीवरून पुढे सरकली. ती आता तारांमध्ये पडणार. आईचा तोल जातोय. आईची एक चप्पल निघाली आहे. आई मुलीच्या अंगावर पडली तर दोघी पियानोखाली जातील आणि अकरा ट्राम ड्रायव्हर उचलायला धावतील. हलिनाच्या मनात एवढंच होतं: आई, पडू नकोस. गुडघ्याने तिने आईची खुर्ची आत ढकलली. खुर्ची आईच्या पायांना लागली आणि आई खाली बसली. पानं सुटली. "सापडलं!" म्हणत आईने योग्य पान समोर ठेवलं आणि लाल बाणावर बोट ठेवून दाबलं. "हे बघ! उजवीकडे!"

हलिनाने बाणाकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. ते बाणाच्या पुढे तीन ओळी होते, उजव्या बाजूला. कधी वळले, तिला कळलंच नव्हतं. आई पडू नये म्हणून ती बघत होती तेवढ्यात हात आपले घरी निघून गेले होते.

तिला हसू आलं. भाग संपेपर्यंत ते तोंडावर तसंच राहिलं आणि उरलेले दोन भागही तिने तसेच वाजवले. आई पानं उलटत होती, बरीचशी आधी, आणि हलिनाची हरकत नव्हती.

शेवटच्या सुराला झेनॉनने कोणाकडेही न बघता टाळी वाजवली. अकरा ड्रायव्हर लगेच सामील झाले आणि मग सगळं सभागृह. हलिना उठून वाकली. पानं उलटणाऱ्याने वाकायचं नसतं. लेओकादियाबाई वाकल्या, तीनदा. डायरेक्टर सेवेरिन फुलं घेऊन आले, गोंधळले आणि त्यांनी गुच्छ आईच्या हातात दिला. टाळ्या वाढल्या.

"बाई, पुढच्या हंगामात ऑक्टोबर चालेल?" ते हलिनाच्या कानात म्हणाले. "आणि या मातोश्रींसकट की त्यांच्याशिवाय, ते कमिटीला कळवा."

"आधी हे संपू द्या," हलिना म्हणाली.

लोक उठत नव्हते. अजून एक हवं होतं. हलिना परत बसली, वही मिटली, वहीची फळी खाली पाडून सपाट केली. लेओकादियाबाई फुलं मांडीवर घेऊन शेजारी तशाच बसून राहिल्या. त्यांनी मिटलेल्या वहीकडे बघितलं, मग मुलीकडे.

"मग मी काय उलटू?"

"काही नाही. नुसती बस."

"नुसती?"

"हो. नुसती ऐक, आई."

लेओकादियाबाईंनी फुलांच्या देठांना घट्ट धरलं. "निदान कुठलं वाजवतेस ते तरी सांग," त्या कुजबुजल्या. "म्हणजे मला कळेल, कुठे घाबरायचं ते."

हलिनाने सांगितलं नाही. सुरू केलं.